जुन्या गाडीची डिक्की आणि मागचा वायपर: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

मागचा वायपर बंद पडला की मोटर बदलायची आणि डिक्की लागेनाशी झाली की अख्खं लॉक बदलायचं, असाच रिवाज पडला आहे. जुन्या हॅचबॅक गाड्यांत यातला बराचसा खर्च विनाकारण होतो. बिघाड बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी सापडतो: लॉकमध्ये वाळून घट्ट झालेलं ग्रीस, बॉडी आणि डिक्कीच्या मधल्या रबरी नळीत तुटलेली वायर, किंवा डिक्कीच्या पोटात शिरलेलं पाणी. तिन्ही गोष्टी घरच्या अंगणात, साध्या पान्यांनी तपासता येतात. नवीन पार्टचा विचार त्यानंतर करायचा.

नागपुरात ही तिन्ही दुखणी जरा जास्तच दिसतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. ग्रीसमधलं तेल आटतं, रबर कडक होतं, प्लास्टिकच्या क्लिपा ठिसूळ होतात. त्यात रस्त्याच्या कामांची बारीक धूळ. हॅचबॅक गाडी पळते तेव्हा तिच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ आणि चिखल तो थेट मागच्या काचेवर आणि डिक्कीच्या फटीत आणून टाकतो. नवतप्यात सुकलेलं सगळं मग जूनच्या मध्यावर पहिल्या पावसात उघडं पडतं. म्हणून हे काम मृग लागायच्या आधी करावं, आणि सकाळी सहा ते नऊमध्ये. एकदा झड लागली की अंगणात वायर जोडत बसणं कठीण.

इथे लिहिलेलं साध्या जुन्या गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, अल्टो, जुनी वॅगन आर, सँट्रो, इंडिका, पहिली स्विफ्ट आणि त्यांच्या जातीच्या. यातल्या काही मॉडेलला मागचा वायपर आलाच नव्हता. त्यांनी लॉकचा, नळीचा आणि पाण्याचा भाग वाचावा. बटणावर आपोआप उघडबंद होणाऱ्या डिक्कीचं काम वेगळं असतं, त्याला हात लावू नका.

हात घालण्याआधी

पहिली गोष्ट शॉकअप. डिक्कीला वर धरून ठेवणारे गॅसचे दोन दांडे १०-१२ वर्षांनी थकतात. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ते जास्तच नरम पडतात, कारण थंडीत आतल्या गॅसचा दाब कमी होतो. डिक्की अर्ध्यावर धरून सोडा. ती हळूहळू खाली येत असेल तर तिच्या भरवशावर खाली डोकं घालू नका. मजबूत लाकडी दांडका टेकवा, वरच्या टोकाला फडकं गुंडाळा आणि मगच कामाला लागा. जुना शॉकअप कापायचा, भोक पाडायचा किंवा तापवायचा नाही. आत दाबाखाली नायट्रोजन असतो आणि तो फुटला तर इजा होते. बदलायचे झाले तर दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना असं केलं तर डिक्की पिळली जाते आणि लॉक पुन्हा बसेनासं होतं.

दुसरी गोष्ट बॅटरी. वायरिंग उघडायचं असेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. करंट तपासताना ती परत लावावी लागेल, पण कापाकापी आणि जोडणी करताना नको.

हत्यारं फार लागत नाहीत. १० आणि १२ नंबरचे गोटी पाने, चपटा आणि स्टार पेचकस, पक्कड, प्लास्टिकची चपटी पट्टी, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपर, टॉर्च. वायरसाठी सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंक नळी (गरम केली की वायरीवर आवळून बसते) आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच करा: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी. मल्टिमीटर असला तरी हा बल्ब हवाच. कारण पुढे येईल. हार्डवेअरचा किरकोळ माल इतवारीत लोहा ओळीत मिळून जातो. व्हाईट लिथियम ग्रीस आणि सिलिकॉन स्प्रे गाडीच्या सामानाच्या दुकानात मागा.

बंपरवर जुनी चादर टाका म्हणजे पेचकस घसरून रंग जाणार नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा, विशेषतः केबल आणि दांड्या कशा अडकवल्या आहेत त्याचे.

डिक्की उघडतच नसेल तर

आधी उघडण्याची पद्धत ओळखा. काही गाड्यांत मागे चावी लागते आणि चावीच्या कुलपामागची दांडी लॉक ओढते. काहींत ड्रायव्हर सीटजवळचा खटका असतो आणि तिथून केबल मागे जाते. काहींत रबरी बटण असतं आणि लॉकमधली छोटी मोटर काम करते.

एकाला डिक्कीवर तळहाताने खाली दाबायला सांगा आणि त्याच वेळी तुम्ही खटका ओढा. रबराच्या ताणामुळे लॉकवर जोर आला असेल तर दाबल्याने तो सुटतो आणि डिक्की उघडते. उघडली तर दोष स्ट्रायकरच्या (लॉक जिच्यात अडकतं त्या बॉडीवरच्या कडीच्या) जागेत किंवा सुकलेल्या ग्रीसमध्ये आहे. खटका अगदी हलका, काही न लागल्यासारखा येत असेल तर केबल तुटली किंवा टोकाची निसटली. खटका कडक, हलतच नसेल तर केबल आत गंजली. बटणवाल्या गाडीत बटण दाबल्यावर आतून 'टक्' आवाज येतो का ते कान लावून ऐका. आवाज येतो पण उघडत नाही, म्हणजे यंत्रात अडथळा. आवाजच नाही, म्हणजे करंट पोचत नाही.

काहीच चालत नसेल तर आतून जावं लागेल. मागची सीट पाडा, सामानावरचं झाकण काढा आणि टॉर्च घेऊन आत शिरा. डिक्कीच्या आतल्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या पॅनेलच्या खालच्या मध्यावर लॉक असतं. काही गाड्यांत तिथे छोटं झाकण मिळतं, काहींत पॅनेलच्या क्लिपा ओढून फट करावी लागते. लॉकच्या बाजूला केबल किंवा दांडी जिथे अडकते ती छोटी पट्टी पेचकसाने केबल जिकडे ओढते त्याच दिशेला ढकला. पेचकस लॉकच्या मध्यात खुपसून पिळू नका, आतली स्प्रिंग निघते. मागे सीएनजीची टाकी असेल तर आत शिरायला जागा नसते. तेव्हा टाकी स्वतः सोडवायच्या भानगडीत न पडता गाडी किटवाल्याकडे न्या.

लॉकची सफाई

डिक्की उघडली की बोटाने लॉकच्या तोंडात बघा. मध्ये इंग्रजी यू अक्षरासारखा एक लोखंडी पंजा फिरतो. डिक्की खाली येते तेव्हा बॉडीवरची कडी, म्हणजे स्ट्रायकर, या पंजात शिरून त्याला फिरवते, आणि शेजारचा छोटा खटका स्प्रिंगच्या जोराने पंजाच्या दातात बसून त्याला अडवतो. दात दोन असतात. पहिल्यावर डिक्की अर्धवट लागते, दुसऱ्यावर पूर्ण. म्हणूनच नीट लागताना दोन 'खट्' ऐकू येतात. एकच ऐकू आला आणि डॅशबोर्डवर दाराचा दिवा पेटलेला राहिला तर खटका दुसऱ्या दातात बसत नाहीये.

बसत का नाही? दहापैकी आठ वेळा उत्तर त्या खटक्याच्या खिळ्याशी असतं. कंपनीने भरलेलं पिवळसर ग्रीस तिथे काळं, डांबरासारखं झालेलं दिसेल. त्यात धूळ मुरली की स्प्रिंग खटक्याला वेळेत परत ढकलू शकत नाही. पेचकसाच्या टोकाने खटका दाबून सोडा. तो तडक मागे आला पाहिजे. रेंगाळत आला तर लॉक खराब नाही, घाणेरडं आहे.

लॉक दोन किंवा तीन बोल्टवर असतं. काढण्याआधी बोल्टच्या भोवती पेन्सिलने रेघ मारा. केबल किंवा दांडीची प्लास्टिकची क्लिप फिरवून सोडवा. जोराने ओढली तर मोडते, आणि ती सुटी मिळणं अवघड. लॉक हातात आलं की डब्ल्यूडी-४० (गंज आणि घाण सोडवणारा स्प्रे) मारून दहा मिनिटं ठेवा, टूथब्रशने घासा, पुसा, पुन्हा मारा. खाली गळणारा डब्ल्यूडी-४० काळा यायचा थांबेपर्यंत हे करा. मग कोरडं होऊ द्या.

इथे बरेच जण थांबतात आणि महिन्याभरात तक्रार परत येते. डब्ल्यूडी-४० घाण सोडवतो, पण त्याचा थर टिकत नाही, आणि जुनं ग्रीस तर धुऊन गेलेलं असतं. कोरडं झाल्यावर पंजाच्या आणि खटक्याच्या खिळ्याला, दातांना आणि स्प्रिंगच्या टोकाला व्हाईट लिथियम ग्रीस लावा, तेही पातळ. आपल्याकडच्या धुळीत जाड थर म्हणजे नवी घाण धरायची सोय. खोबरेल तेल, इंजिनचं जुनं ऑइल यातलं काही नको. चावीच्या कुलपात तर ग्रीस मुळीच घालू नका. तिथे ग्रॅफाइटची पूड फुंका, ती नसेल तर पेन्सिलचं शिसं चावीवर घासून चावी आतबाहेर करा.

परत बसवल्यावर सगळ्यात महत्त्वाची चाचणी. डिक्की उघडीच ठेवा. जाड पेचकसाची दांडी पंजात घालून पंजा दोन्ही 'खट्' येईपर्यंत फिरवा, जणू डिक्की लागली. आता सीटजवळचा खटका ओढा किंवा बटण दाबा. पंजा सुटला तरच डिक्की लावा. सुटला नाही तर दोष उघड्यावरच सापडला, पुन्हा आत शिरायची पाळी आली नाही. आणि पंजा बंद अवस्थेत असताना डिक्की कधीच आपटू नका. कडीवर पंजाची पाठ आपटते आणि चांगलं लॉक वाकतं.

केबलबद्दल थोडक्यात. ती सैल असेल तर लॉकच्या किंवा सीटजवळच्या खटक्याच्या टोकाला नट असतो, त्याने ताण वाढवता येतो. सीटजवळचा खटका मोकळा असताना केबल अगदी किंचित ढिली हवी. ताणून ठेवली तर लॉकमधला खटका दातात पूर्ण बसत नाही आणि खड्ड्यात डिक्की आपोआप उघडते. आतली तार एकेक धागा तुटून झाडूसारखी झाली असेल तर दुरुस्ती नाही, केबल बदलाच. जुन्या केबलच्या टोकाला दोरा बांधून ती ओढा, म्हणजे नवी केबल त्याच दोऱ्याने गालिच्याखालून परत ओढून घेता येते.

डिक्की लागते, पण खडखडते किंवा आपटावी लागते

लॉक स्वच्छ असेल तर आता स्ट्रायकर. कडीवर चमकलेला घासल्याचा डाग कुठे आहे ते बघा. तो मध्यभागी हवा. एका बाजूला असेल तर डिक्की तिरकी उतरते आहे. मागून ठोकर बसलेल्या गाड्यांत आणि बिजागऱ्या झिजलेल्या गाड्यांत हे हमखास असतं. कडीच्या बोल्टभोवती पेन्सिलने रेघ मारा, बोल्ट फक्त हलेल इतके सैल करा आणि एका वेळी एक मिलिमीटरच सरकवा. कसा, लावून बघा, पुन्हा. घाई केली तर मूळ जागाही हरवते.

डिक्कीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रबरी बुच असतात. ते बऱ्याच गाड्यांत फिरवून वरखाली करता येतात. खडखड येत असेल तर दोन्ही सारखे, अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढा. मग कागदाची चाचणी करा: रबराच्या बीडिंगवर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून डिक्की लावा आणि पट्टी ओढा. ती थोड्या जोराने निघाली पाहिजे. सहज निघाली तर तिथून पाणी येणार. फाटली तर दाब जास्त आहे आणि डिक्की आपटावी लागते. चारही बाजूंना बघा.

रबरी नळी: इथे वेळ द्या

डिक्की उघडल्यावर वरच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, बॉडीतून डिक्कीत जाणारी घड्या-घड्यांची काळी रबरी नळी दिसते. मागचा वायपर, काच गरम करणाऱ्या तारा, नंबर प्लेटचा दिवा, वरचा ब्रेक लाइट, सेंट्रल लॉक, ज्या गाडीत यातलं जे असेल त्या सगळ्याच्या वायरी इथून जातात. डिक्की दर वेळी उघडताना आणि लावताना त्या एकाच जागी वाकतात. पंधरा वर्षांत किती वेळा वाकल्या असतील याचा विचार करा. वरून प्लास्टिक शाबूत दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं.

शेजारच्या एका काकांची वॅगन आर होती. त्यांचं म्हणणं, "भाऊ, डिक्की अर्धी उघडली का वायपर चालते, पूर्ण लावली का बंद पडते. मेकॅनिक म्हणते मोटर गेली." मोटर गेली असती तर ती अर्ध्या डिक्कीतही चालली नसती. डिक्कीच्या कोनाप्रमाणे काही चालू-बंद होत असेल तर नळी उघडा, दुसरीकडे शोधायची गरजच नाही. त्यांच्या गाडीत काळी अर्थची (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) वायर तुटलेली निघाली आणि तिच्यासोबत नंबर प्लेटचा दिवाही परत आला.

दुसरी खूण: एकाच वेळी दोन-तीन गोष्टी मंद किंवा विचित्र होणं. ब्रेक दाबला की नंबर प्लेटचा दिवा मिणमिणतो, वायपर लावला की वरचा ब्रेक लाइट हलकासा पेटतो. अर्थ तुटला की करंट परत जायला दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो, त्याचा हा परिणाम.

आता काम. नळीची दोन्ही टोकं पत्र्याच्या भोकात खाचेने बसलेली असतात. साबणाचं पाणी लावून, प्लास्टिकच्या पट्टीने कडा आत ढकलत बाहेर काढा. नळी एका बाजूला सरकवली की वायरी दिसतील. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणा. शाबूत वायर ताणत नाही. आत तुटलेली वायर त्या जागी रबरासारखी लांबते, कारण तिथे फक्त वेष्टन उरलेलं असतं. काही ठिकाणी वेष्टनही चिरलेलं आणि तांबं हिरवं पडलेलं दिसेल.

एखादी वायर संशयास्पद वाटत असेल तर टेस्ट लॅम्प लावा. मल्टिमीटर इथे फसवतो. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो, पण त्या धाग्यातून मोटर फिरवण्याइतका करंट जात नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे खरं चित्र दिसतं. वायपरच्या प्लगवर बल्ब लखलखीत पेटला तर वायर ठीक. मिणमिणला तर वायर कमजोर.

जोडताना एक नियम पाळा: सांधा वाकणाऱ्या जागेत यायला नको. सोल्डर केलेली वायर सांध्याशी कडक होते आणि तिथेच पुन्हा तुटते. म्हणून तुटका भाग मधून कापून टाका आणि वीतभर नवी वायर घाला, अशी की एक सांधा बॉडीच्या आत आणि दुसरा डिक्कीच्या आत जाईल. नळीतून फक्त अखंड नवी वायर जायला हवी. सगळे सांधे एकाच जागी आणू नका, पुढेमागे ठेवा, नाहीतर गाठोडं होऊन नळीत बसत नाही.

वायर अनेक बारीक धाग्यांची, मऊ घ्या. घरच्या फिटिंगची एका जाड तारेची चालत नाही. दिव्यांना १ चौरस मिलिमीटर पुरते, वायपरला आणि अर्थला दीड, काच गरम करणाऱ्या तारांना अडीच. जुनी जास्त जाड असेल तर जुन्याइतकी. एका वेळी एकच वायर कापा, जोडा, मग दुसरी. सगळ्या कापून बसलात आणि रंग उन्हाने उडालेले असले तर ओळखता येत नाहीत. हीट श्रिंक नळी सोल्डर करण्याआधी वायरीत ओवायची. वरून प्लास्टिकची टेप गुंडाळू नका. आपल्या उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो आणि दोन महिन्यांत चिकट लगदा होतो. कापडी वायरिंग टेप घ्या. शेवटी नळीची टोकं खाचेत पूर्ण बसली का ते बोट फिरवून बघा. ती अर्धवट राहिली तर छतावरचं पाणी थेट आत जातं.

या नळीतून किंवा तिच्या जोडीला दुसऱ्या बाजूने वॉशरच्या पाण्याचा पाइपही जातो. तो कडक झालेला असतो, ओढाताणीत सांध्यातून निसटतो. काम संपल्यावर तोही तपासा.

वायपर

नळी ठीक असेल, फ्यूज ठीक असेल, मगच मोटरकडे या. फ्यूज जळलेला सापडला तर त्याच अँपिअरचा टाका. जास्त क्षमतेचा टाकून वायपर चालवायचा प्रयत्न केला तर पुढची जळणारी गोष्ट वायर असते.

चावी ऑन करून मागचा वायपर लावा आणि कान द्या. मोटरचा आवाज येतो पण हात हलत नाही: वायपरच्या हाताचा नट ढिला झाला, किंवा मोटरच्या आतल्या नायलॉन गिअरचे दात गेले. घुरघुर येते, हात थरथरतो आणि फ्यूज उडतो: दांडा जाम. काहीच आवाज नाही: मोटरच्या अर्थच्या पिनेवरून बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायर जोडून बघा, चालली तर अर्थचा दोष. वायपर काचेच्या मधोमध थांबतो आणि जागेवर परत येत नाही: मोटरच्या आत एक गोल पट्टी असते, तिच्यामुळे स्विच बंद केल्यावरही मोटरला जागेवर येईपर्यंत करंट मिळतो. ती पट्टी काळी पडली किंवा तिला करंट देणारी वेगळी वायर तुटली की वायपर मध्येच राहतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो जाम दांडा. काचेतून किंवा पत्र्यातून बाहेर येणाऱ्या दांड्याभोवतीचं रबर कडक होतं, पाणी आत उतरतं, आणि आठ महिने वायपर न लावल्यामुळे दांडा त्याच्या नळीत पकडून बसतो. मग जूनमध्ये एकदम बटण दाबलं की मोटर त्याच्याशी झुंजत तापते. उन्हाळ्यातही काच ओली करून अधूनमधून वायपर फिरवला तर ही वेळ येत नाही.

काढायची पद्धत अशी. वायपर बंद अवस्थेत असताना ब्लेडच्या बाजूने काचेवर टेप लावून जागा नोंदवा. नटावरची टोपी उचला, नट सोडवा, पण पूर्ण काढू नका. दांड्याच्या टोकाशी ठेवा म्हणजे आटे वाचतात. सांध्यावर डब्ल्यूडी-४० मारून अर्धा तास थांबा. मग वायपरचा हात मुळाशी धरून डावी-उजवीकडे हलवा. निघत नसेल तर छोटा पुलर (हात ओढून काढायचं हत्यार) लावा. काचेवर पेचकस टेकवून उचकटायचं नाही आणि दांड्यावर हातोडी मारायची नाही. मागची काच गेली तर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च होतो.

आतलं पॅनेल क्लिपांवर असतं. प्लास्टिकची पट्टी क्लिपच्या अगदी जवळ घालून ओढा. दोन-चार क्लिपा तुटणारच, त्या आधीच आणून ठेवा. प्लग काढा, मोटरचे बोल्ट सोडवा.

दांड्यावर लहान सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), वॉशर आणि रबरी रिंग असते. त्या क्रमाने मांडून ठेवा. सर्कलिप निघाली आणि मागचं झाकण उघडलं की दांडा आतल्या बाजूला ढकलून काढता येतो. त्यावर पांढरी किंवा तपकिरी बुरशीसारखी पूड दिसेल, तीच त्याला पकडून असते. पॉलिश पेपरने दांडा आडवा फिरवत घासा, चकचकीत होऊन नळीत स्वतःच्या वजनाने सरकला की थांबा. जास्त घासला तर ढिला होऊन पुन्हा पाणी येईल. नळी आतून फडक्याने पुसा, ग्रीस लावा, रबरी रिंग नवी टाका. झाकण उघडलं आहे तर गोल पट्टीही बारीक पॉलिश पेपरने हलकी साफ करून घ्या. काही मोटरी रिबिट मारून बंद केलेल्या असतात. त्यांचा दांडा सुटत नसेल तर बाहेरूनच तेल सोडून, पक्कडीने हलका फिरवत मोकळा करता येतो, पण तो उपाय तेवढा टिकत नाही.

बसवताना क्रम चुकवू नका. आधी मोटर बसवा, प्लग लावा, वायपरचा हात न लावता एकदा चालवून स्विचने बंद करा. दांडा आपल्या थांबायच्या जागी येईल. मग हात टेपच्या खुणेवर बसवून नट कसा. उलट केलं तर ब्लेड काचेबाहेर जाऊन पत्र्यावर आपटतं.

ब्लेड दरवर्षी पावसाआधी बदला, उन्हाने रबर कडक होतंच. वॉशरचं पाणी येत नसेल तर नोझलमध्ये बोअरच्या पाण्याचे क्षार साचलेले असतात. बारीक टाचणीने मोकळं करा आणि टाकीत आरओचं किंवा गाळलेलं पाणी घाला. ज्या गाड्यांत वॉशरचं पाणी वायपरच्या दांड्यातूनच बाहेर येतं, तिथे आतलं रबर गळत असेल तर ते पाणी मोटरमध्ये उतरतं. अशा गाडीत ते रबर बदलल्याशिवाय नवी मोटर टाकणं व्यर्थ.

पाणी कुठून येतं

पॅनेल उघडलं आहे तोवर हे करून घ्या. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा, डिक्की लावा आणि बाहेरून साध्या पाइपने पाणी सोडा. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो. खालून सुरुवात करून हळूहळू वर जा: आधी टेललाइट, मग बीडिंग, मग वायपरचा दांडा, वरचा ब्रेक लाइट, शेवटी रबरी नळी. वरून सुरू केलं तर ओघळ खालपर्यंत येतात आणि मूळ जागा कळत नाही.

डिक्कीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी पोटात साचतं, लॉक गंजतं आणि पत्र्याला फोड येतात. प्लास्टिकच्या पट्टीने ती मोकळी करा, ड्रिल लावू नका. स्टेपनीच्या खळग्यातही हात घाला. तिथे ओल असेल तर गळती जुनी आहे. बीडिंगच्या रबराला सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन पुसा. ऑइल आणि ग्रीसने रबर फुगतं.

१५ वर्षांनंतर फेरनोंदणीसाठी आरटीओत जायचं असेल तर नंबर प्लेटचा दिवा आणि ब्रेक लाइट आदल्या रात्री डिक्की उघडून, लावून, दोन्ही अवस्थांत तपासा. नळीतल्या अर्धवट तुटलेल्या वायरीमुळे ते ऐनवेळी दगा देतात.

एवढं करूनही मोटर किंवा लॉक खरंच गेलेलं निघालं तर जुना पार्ट सोबत घेऊन दुकानात जा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत प्लगच्या पिना आणि बोल्टची भोकं बदलतात. भंगारातून मोटर घेत असाल तर पैसे देण्याआधी बॅटरीवर चालवून बघा: मोटरच्या अर्थच्या पिनेला, ती नसेल तर बॉडीला निगेटिव्ह, चालवायच्या पिनेला १० अँपिअरच्या फ्यूजमधून पॉझिटिव्ह. दांडा दोन्ही बाजूंना पूर्ण फिरला पाहिजे, आवाज एकसारखा हवा, आणि बोटांनी दांडा हलवल्यावर तो डगडगायला नको. लॉक घेताना पेचकसाने दोन्ही 'खट्' तिथेच ऐका, आणि केबलची प्लास्टिकची क्लिप त्याच्यासोबत मागून घ्या.